नव्या गावातील मित्रमेळा



सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी आणि ओझरच्या विमाननिर्मितीने परगावची असंख्य कुटुंबे नाशिककर झाली. घर मिळाले, शाळा मिळाली. पण चाळिशीनंतर नवा मित्र मिळणे दुर्घट ठरते. विद्यार्थिदशेत सहवास आपोआप घडतो, प्रौढपणी तो घडवावा लागतो.

या नगरीला ही विद्या अपरिचित नाही. १९०० साली स्वातंत्र्यवीर सावरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे उभारलेल्या संघटनेचे नावच ‘मित्रमेळा’ होते. साप्ताहिक बैठका, वाचन, चर्चा आणि प्लेगच्या साथीत मृतांच्या अंत्यसंस्काराला खांदा देणे, अशा समान कार्यातून तो स्नेह दृढ झाला.

आजही १८४०चे सार्वजनिक वाचनालय आहे, १९२२पासूनची गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमाला आहे, वस्तीतील शाखा आहे. मात्र मागच्या रांगेत बसून निमूटपणे परतणाऱ्याची ओळख होत नाही. सतरंजी अंथरणाऱ्याचे नाव चार दिवसांत सर्वांना ठाऊक होते.

म्हणून नवागताने एखादे काम मागून घ्यावे आणि जुन्या नाशिककराने ते विश्वासाने सोपवावे. अन्यथा समाजसंघटनेची भाषा बोलणाऱ्यांच्याच जिन्यात एखादे कुटुंब वर्षानुवर्षे परके राहील.