मीठ, तांदूळ आणि पहाऱ्यावरचं गाणं



हंगामाच्या सणाला आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वेदीपुढे नवा तांदूळ, भोपळे, नारळ, एखादी कोंबडीसुद्धा येते. उपासना आटोपली की लिलाव होतो आणि एका भोपळ्यापायी दोन वडीलधारे इरेला पेटतात. मावळात तर इंद्रायणी तांदळाचा वास अख्ख्या चर्चभर दरवळतो. पण खरं सांगायचं, तर तो तांदूळ आपण आधीच घरी शिजवून पाहिलेला असतो.

आर्मेनियन चर्चमध्ये ही सवलत नाही. ऑगस्टच्या मध्याला मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण येतो. त्याच्या जवळच्या रविवारी पाळक नव्या द्राक्षांना आशीर्वाद देतात, आणि तोवर रीत पाळणारा माणूस द्राक्ष तोंडात घालत नाही. (नाशिकची द्राक्षं फेब्रुवारीतच गाड्यांवर पाहणाऱ्या आपल्या लोकांना हे जड जाईल!) ही मंडळी फार जुनी. परंपरेनुसार इसवी सन 301 मध्ये आर्मेनियाच्या तिरिदातेस राजानं संत ग्रेगरीच्या उपदेशानं ख्रिस्ती धर्म राज्याचा धर्म केला. तेव्हापासून ती टिकून आहे.

त्यांचा नाताळ 6 जानेवारीला. लोणावळ्यात आपण दारावरचे तारे उतरवून ठेवत असतो, तेव्हा त्यांच्याकडे ख्रिस्तजन्म आणि ख्रिस्ताचा बाप्तिस्मा एकत्र साजरे होतात. आदल्या संध्याकाळी मासे आणि मनुका घातलेला भात. दुसऱ्या दिवशी क्रूस पाण्यात बुडवून त्या पाण्याला आशीर्वाद देतात आणि ते पाणी लोक घरी नेतात. मग पाळक घरोघर येतात. टेबलावर भाकरी, मीठ आणि पाणी मांडलेलं असतं. त्यावर प्रार्थना होते आणि घर आशीर्वादित होतं. वर्षभर हात ज्याला लागतात तेच पाळकांपुढे ठेवायचं, हे मला फार पटतं.

पण मावळच्या माणसाला सर्वांत जवळची वाटेल ती गोष्ट किल्ल्याची आहे. बाराव्या शतकात युफ्रेटिस नदीकाठच्या ह्रोमक्ला किल्ल्यात आर्मेनियन धर्मप्रमुखांचं पीठ होतं. रात्री पहारेकरी जागं राहण्यासाठी जुनी, ऐहिक गाणी म्हणत. नर्सेस श्नोर्हाली हे तिथले धर्मगुरू, कवी आणि पुढे 1166 ते 1173 या काळात धर्मप्रमुख. त्यांनी त्या शिपायांना गाणी बंद करायला सांगितलं नाही. त्यांच्यासाठी नवी गीतं रचली, असं आर्मेनियन इतिहासकार सांगतात. लोहगडाच्या किंवा तिकोन्याच्या तटावर गार वाऱ्यात उभं राहिलेल्या माणसाला या शहाणपणाची किंमत कळेल. रात्रपाळीचा माणूस चर्चला येऊ शकत नाही, म्हणून चर्चच त्याच्या पहाऱ्यावर गेलं. याच नर्सेसची 24 कडव्यांची एक प्रार्थना आहे. दिवसाच्या प्रत्येक तासाला एक कडवं. पुढे व्हेनिसजवळच्या आर्मेनियन मठानं ती 30हून अधिक भाषांत छापली.

1915च्या नरसंहारात लाखो आर्मेनियन मारले गेले, उरलेले देशोदेशी पांगले. देवळं मागे राहिली; मीठ आणि भाकरी मात्र कुठल्याही स्वयंपाकघरात मिळते. ही मंडळी जगली यामागं हे एक मोठं कारण आहे, असं माझं मत आहे.

त्याआधी कितीतरी वर्षं आर्मेनियन व्यापारी सुरतेहून मुंबईत आले होते. फोर्टमधल्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगिनदास मास्टर रोडवर, 1796 मध्ये त्यांनी सेंट पीटर चर्च बांधलं. आजची इमारत 1957ची आहे. शहरात आर्मेनियन माणसं आता जवळपास उरलेली नाहीत. केरळचे सिरियन ख्रिस्ती तिथे उपासना करतात, आणि त्यांची मंडळी आर्मेनियन चर्चच्याच जुन्या कुळातली आहे. लोणावळ्याहून सकाळची गाडी पकडलीत, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून तिथवर चालत जाता येतं.

तेवढं जमलं नाही तरी चालेल. येत्या हंगामाच्या सणापर्यंत नवा तांदूळ चुलीवर चढवू नका. आणि पाळक घरी आले की चहाच्या कपाशेजारी मिठाची वाटीही ठेवा.