धाप, झोप आणि विसाव्याची वाटणी

(कामगार भगिनींच्या एका शिबिरात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



गरोदरपणाचे सहा महिने उलटले की बाईला जिना चढताना धाप लागते, बोलता बोलता मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो आणि रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होता होता पहाट उजाडते. ही तक्रार घरात सांगितली तर वडीलधाऱ्या बायका म्हणतात, "असंच असतं गं या दिवसांत." डॉक्टरांना सांगितली तर ते म्हणतात, "विश्रांती घ्या." पहिल्या उत्तरात अनुभवाचे सत्य आहे, दुसऱ्यात शास्त्राचे. तरीही या दोन उत्तरांच्या मधल्या फटीत असंख्य स्त्रियांची आबाळ होते. ती का होते, याचा विचार आज करावयाचा आहे. धाप लागणे हा शरीराचा व्यवहार आहे. विसावा मिळणे हा समाजाचा व्यवहार आहे, आणि समाजातील इतर संपत्तीप्रमाणे त्याचीही वाटणी विषम आहे.

प्रथम शरीराचा हिशेब पाहू. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक मेंदूतील श्वासकेंद्राला चेतवते. श्वासांची संख्या फारशी वाढत नाही. परंतु प्रत्येक श्वास खोल होतो आणि दर मिनिटाला आत-बाहेर होणारी हवा ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. त्यामुळे आईच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी राहतो व बाळाच्या शरीरातला तो वायू वारेवाटे तिच्याकडे सहज येऊ शकतो. हा वाढलेला श्वासच कित्येकींना दम लागल्यासारखा वाटतो. पुढे गर्भाशय वर चढत जाते, श्वासपटल सुमारे ४ सेंटिमीटर उचलले जाते आणि श्वास सोडल्यावर फुप्फुसांत शिल्लक राहणारी हवा सुमारे २० टक्क्यांनी घटते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर उलाढाल वाढलेली असते आणि गंगाजळी आटलेली असते. अशा पेढीला एरवी काही होत नाही. पण अचानक मोठी मागणी आली की ती कोसळण्याच्या बेतात येते. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी आठव्या महिन्यातील बाई नेमकी याच अवस्थेत असते.

अखेरच्या काही आठवड्यांत बाळाचे डोके ओटीपोटात उतरते, तेव्हा छाती जरा मोकळी होते. पहिलटकरणीला हा फरक विशेष जाणवतो. मात्र त्याच वेळी मूत्राशयावरचा दाब वाढून रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागते. छातीतील जळजळ, पिंढऱ्यांत येणारे गोळे, चोंदलेले नाक आणि बाळाची हालचाल या सर्वांनी झोपेचे तुकडे होतात. लोहाची कमतरता असेल तर पाय सतत हलवत राहावेसे वाटण्याचा त्रासही बळावतो.

झोपावे कसे, याबद्दल शास्त्राने आता बरेच स्पष्ट सांगितले आहे. उताणे झोपल्यास गर्भाशयाचे वजन हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नीलेवर पडते. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व ब्रिटन येथील अभ्यासांत असे दिसले, की २८ आठवड्यांनंतर उताण्या अवस्थेत झोपी जाणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत मूल जन्मण्याचा धोका कुशीवर झोपणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट होता. हा धोका मुळात थोडा असतो. त्यामुळे भिण्याचे कारण नाही, पण सवय मात्र बदलावी. झोपताना कुशीवर वळावे, शक्यतो डाव्या. मध्यरात्री जाग आल्यावर आपण उताणे आहोत असे दिसले तर घाबरू नये, पुन्हा कूस बदलावी. उशी उंच घ्यावी, गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी ठेवावी, रात्रीचे जेवण लवकर व हलके असावे. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. हे उपाय बिनखर्चाचे आहेत असे म्हटले जाते. परंतु दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे निजत असतील तर कूस बदलण्यालाही जागा लागते, आणि जागेला भाडे पडते, हे विसरता येत नाही.

आता "असंच असतं" या वाक्याची मर्यादा पाहू. बहुतेकींच्या बाबतीत ते खरे असते आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. धाप एकाएकी वाढली, स्वस्थ बसले असतानाही लागू लागली, आडवे होताच गुदमरल्यासारखे होऊन उठून बसावे लागले, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त पडले, एकाच पायाची पिंढरी सुजून दुखू लागली, ओठ निळसर झाले, छातीत धडधड होऊन भोवळ आली, किंवा चेहरा सुजून डोके ठणकू लागले, तर वाट पाहू नये, त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. या लक्षणांमागे फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, वाढलेला रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा विकार असू शकतो. रात्री मोठ्याने घोरणे व मध्येच श्वास अडणे हेही डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण त्याचा संबंध रक्तदाबाशी असतो.

यांतील दोन कारणे आपल्या देशात दारिद्र्याशी थेट जोडलेली आहेत. पहिले रक्तक्षयाचे. १०० मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असणे हा गरोदरपणातील रक्तक्षय होय. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. प्राणवायू वाहून नेणारे रक्तच पातळ असेल तर पावलोपावली धाप लागणारच. निम्म्याहून अधिक स्त्रिया ज्या अवस्थेत आहेत तिलाच घरचे लोक नेहमीची अवस्था समजू लागतात, आणि आजार डोळ्यांदेखत लपतो. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या किमान १८० दिवस घ्यावयाच्या असतात. त्या चहाबरोबर घेतल्यास लोह अंगी लागत नाही, एवढी साधी गोष्टही अनेकींना कोणी सांगितलेली नसते.

दुसरे कारण संधिवाती ज्वराने बिघडलेल्या हृदयाचे. लहानपणी दाटीवाटीच्या वस्तीत घसा धरतो, उपचार होत नाहीत, ज्वर येऊन जातो आणि हृदयाची झडप हळूहळू अरुंद होते. मुलगी मोठी होते, कामाला लागते, लग्न होते. कोणाला पत्ता नसतो. गर्भारपणात रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, तेव्हा ती अरुंद झडप तो भार पेलू शकत नाही आणि धाप लागते. बालपणीच्या दारिद्र्याचे कर्ज अशा रीतीने बाळंतपणात वसूल होते. छातीला नळी लावून ऐकणारा डॉक्टर वेळीच भेटला तर हा जीव वाचू शकतो. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी धापेविषयी आवर्जून बोलले पाहिजे.

याला धुराची जोड मिळते. त्याच पाहणीनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे ५८.६ टक्के होती. उरलेल्या घरांत आईचा तो खोल झालेला, वाढलेला श्वास चुलीचा धूरच अधिक आत ओढतो.

आता विश्रांतीकडे वळू. विश्रांती म्हणजे खाटेवर पडून राहणे नव्हे. माफक चालणे-फिरणे हितकारकच असते. विश्रांती म्हणजे दमले की थांबता येणे, जड उचलावे न लागणे आणि रात्री झोप झाली नसेल तर दुपारी पाठ टेकता येणे. आपल्या समाजाला ही गरज ठाऊक नव्हती असे नाही. पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरी नेण्याची रीत ही एका अर्थी प्रसूतिरजाच होती. त्या रीतीने सुनेला सासरच्या कामातून अधिकृतपणे सोडवून आणले. पण ही रजा बहुधा पहिल्या बाळंतपणापुरती. तिचा सारा खर्च माहेरावर. आणि माहेरीच दोन वेळची भ्रांत असेल तर तीही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस बाईने पोट सांभाळून सगळे करावे, असा रिवाज पडला. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटे आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे दिसले. विसाव्याच्या वाटणीतली विषमता घराच्या उंबरठ्याच्या आतच सुरू होते, ती अशी.

उंबरठ्याबाहेर कायदा आहे. मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीपूर्वीची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब असल्याचे मांडले होते, आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची भरपगारी रजा दिली. शिवाय रजेपूर्वीच्या एका महिन्यात, स्त्रीने विनंती केल्यास, तिला कष्टाचे किंवा तासन् तास उभे राहण्याचे काम देता येणार नाही, असेही म्हटले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि त्यांतील ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येऊ लागले. आता प्रसूतिलाभाचा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. ज्यांनी हे कायदे घडवले त्यांना धाप म्हणजे काय हे चांगले कळत होते. पण हा हक्क आस्थापनेशी आणि मालकाशी बांधलेला आहे. जिचा मालकच कागदावर नाही तिने तो कोणाकडे मागावा?

बीड जिल्ह्यातून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्या. तेथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मानला जातो. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते आणि मजुरी टनावर ठरते. भल्या पहाटे फडात उतरायचे, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची आणि रात्री कोपीत जमिनीवर पाठ टेकायची. गरोदर बाई घरी बसली तर कोयता मोडतो, खाडा पडतो आणि उचल फिटत नाही. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी मध्यस्थ. गाव सुटल्यामुळे आशाताईची भेट आणि तपासणीची साखळीही तुटते. या बाईला "विश्रांती घ्या" असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पौष्टिक आहाराची यादी देणे होय.

अशा स्त्रियांसाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचा प्रसूतिलाभ मान्य केला. प्रत्यक्षात २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. दुसऱ्या खेपेस ६,००० रुपये मिळतात, तेही मुलगी झाली तरच. पगारदार स्त्रीच्या २६ आठवड्यांच्या रजेचे दिवस होतात १८२. ५,००० रुपये त्या दिवसांवर वाटले तर दिवसाला २८ रुपयेही भरत नाहीत. जननी सुरक्षा योजनेची रक्कम जोडून ६,००० धरले, तरी ३३ रुपये. एकीला पुरा पगार आणि दुसरीला दिवसाला ३३ रुपये, ही तफावत दोघींच्या गर्भाशयात नाही, आपल्या अंदाजपत्रकात आहे. तमिळनाडूच्या मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेत २०१८ पासून पोषणसंचासह १८,००० रुपये दिले जातात. तेव्हा अधिक देणे अशक्य नाही, हे एका राज्याने दाखवून दिले आहे.

मागण्या साध्या आहेत. प्रसूतिलाभ किमान वेतनाशी जोडावा, अपत्याचा क्रम किंवा लिंग यांची अट नसावी, आणि त्यातला मोठा हिस्सा प्रसूतीपूर्वीच्या आठ आठवड्यांत हाती पडावा. मजूर कोणाच्याही नावावर असो, ऊस ज्याच्या गव्हाणीत पडतो त्या कारखान्यावर जबाबदारी टाकावी. प्रत्येक तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर धापेची व झोपेची विचारपूस व्हावी. आणि ज्या गोष्टीला सरकार लागत नाही ती आजपासून व्हावी: सातव्या महिन्यापासून पाणी, सरपण आणि जड ओझे घरातल्या पुरुषांनी उचलावे. चळवळीत समतेच्या घोषणा देणाऱ्यांच्या घरी तरी हे घडते काय, हे त्यांच्या शेजाऱ्यांना दिसतच असते.

"विश्रांती घ्या" हा सल्ला चुकीचा नाही, तो अपुरा आहे. तो देणाऱ्याने पुढचे दोन प्रश्नही विचारले पाहिजेत: ती निजली तर चूल कोण पेटवणार, आणि त्या दिवसाची मजुरी कोण देणार? त्यांची उत्तरे ज्या दिवशी घरात आणि विधिमंडळात मिळतील, त्या दिवशी त्या सल्ल्याला औषधाचा गुण येईल.