दुसऱ्याच्या ओंजळीनं

आज बोलायचंय एका जुन्या लॅपटॉपविषयी.

२ जीबी रॅमचा हा गडी विंडोज सुरू करेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. मग त्यात लिनक्स घातलं, वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. आता पत्र टाइप करणं, हिशेबाचा तक्ता, पीडीएफ वाचणं एवढं तो एकटा निमूट करतो. दम लागतो तो ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की.

तेव्हा मी कोपऱ्यातला १६ जीबी रॅमचा डेस्कटॉप संगणक कामाला लावतो. त्याच्यावरही लिनक्सच. लॅपटॉपवर रेमिना हा दूरचा पडदा दाखवणारा प्रोग्राम उघडायचा, की डेस्कटॉपचा पडदा समोर येतो. जड काम तिकडं होतं. इकडं येतं नुसतं चित्र, इकडून जाते टायपिंग आणि माउसची हालचाल. अशा लॅपटॉपला म्हणतात थिन क्लायंट. वायफायपेक्षा केबल बरी, नाहीतर अक्षर उमटायला उशीर होतो.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत १९८४ साली एक्स विंडो सिस्टिम जन्मली, ती याच वाटेनं. गंमत म्हणजे तिच्यात आपल्या पुढ्यातल्या पडद्याला ‘सर्व्हर’ म्हणतात! १९९९ पासून एलटीएसपी या प्रकल्पानं जुनी यंत्रं नेटवर्कवरून चालवून दाखवली. पण तिथं मुख्य सर्व्हर बंद पडला की सगळी यंत्रं ठप्प. नुसतं दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणं मला पटत नाही.

याच्या उलट उदाहरण पाहा. कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्या शाळेत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. आत लिनक्स, ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, साठवायला १ जीबी. आजचा साधा मोबाइलही त्याला हसेल. पण चित्र काढणं, लिहिणं हे सगळं यंत्रातच चाले, आणि मुलांनी लॅपटॉप घरी न्यावा हे योजनेचं तत्त्वच होतं. शाळेच्या सर्व्हरशी नातं हवं तेवढंच.

मीही फायली लॅपटॉपवरच ठेवतो. आरसिंक या प्रोग्रामनं त्यांची प्रत डेस्कटॉपवर जाते. उलट केलं असतं, तर परवा संध्याकाळी फजिती होती. लाईट गेली, डेस्कटॉप विझला, पडदा काळा झाला. लॅपटॉपची बॅटरी शाबूत होती. या भाषणाचा शेवटचा परिच्छेद तिच्यावरच लिहिला.