सायकल, तंबू आणि अनंतगिरी

हैदराबादहून दोन दिवस सायकलवर जायचं आणि एक रात्र तंबूत काढायची, तर ठिकाण कोणतं निवडावं? नागार्जुनसागर मोहक आहे, बिदरचा किल्लाही. पण दोन्हीकडे एका बाजूचंच अंतर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातं. सामान लादलेली सायकल ताशी पंधरा-सोळा किलोमीटर धरा. म्हणजे दिवस रस्त्यातच सरतो, मुक्कामाचा आनंद उरत नाही.

माझं मत विकाराबादजवळच्या अनंतगिरीला. अंतर सुमारे ८० किलोमीटर. मोइनाबाद, चेवेल्ला या वाटेवर जुन्या वडांची सावली लाभते. तो रस्ता रुंद होताना ही झाडं टिकावीत, असं मनापासून वाटतं. मुसी नदी अनंतगिरीतच उगम पावते आणि हैदराबादकडे वाहत येते. साहजिकच एकूण चढ जाताना लागतो, परतताना थकलेल्या पायांना उतार मिळतो. शेवटचा घाट मात्र दमवतो, तेवढा दम राखून ठेवा. फारच थकलात तर विकाराबादला रेल्वे स्थानक आहे. सायकल नेण्याची सोय आधी विचारून घ्या.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटेच निघा, मागे लाल दिवा लावा. जंगलात परस्पर तंबू ठोकू नका, वनखात्याची परवानगी घ्या किंवा अधिकृत तळावर उतरा. चूल पेटवू नका. हिवाळ्याअखेर तिथलं गवत वाळलेलं असतं.