तप्त जोडाची परीक्षा

स्टेनलेस स्टीलचे दोन पत्रे वेल्डिंगने सांधले जात असता वितळलेला रस थिजू लागतो, तेव्हा त्यातील गंधक आणि फॉस्फरस यांच्यामुळे कमी तापमानालाही द्रवरूप राहणारा एक पातळ थर स्फटिककणांच्या सीमांवर अडकून पडतो, आणि आकुंचन पावणाऱ्या धातूची ओढ असह्य झाली की नेमक्या त्या सीमेवरच जोड उकलतो. हाच उष्ण तडा. हा दोष कोणत्या धातूत किती, याचा निवाडा करण्यासाठी अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटच्या सॅव्हेज आणि लंडिन या संशोधकांनी 1965 साली ‘व्हॅरेस्ट्रेंट’ ही चाचणी प्रसिद्ध केली.

तिची करामत अशी की, एका टोकाशी पक्क्या जखडलेल्या पट्टीवर वेल्डिंग चालू असताना, धातू वितळविणारी विजेची ज्योत, म्हणजे आर्क, ठरावीक जागी पोहोचताच, पट्टीचे मोकळे टोक एकाएकी खाली ओढून ती वक्र ठोकळ्यावर वाकवितात. जाडीला त्रिज्येच्या दुपटीने भागले की पृष्ठभाग किती ताणला गेला ते कळते. 6 मिलिमीटरची पट्टी 150 मिलिमीटर त्रिज्येवर वाकविल्यास सुमारे 2 टक्के. मग सूक्ष्मदर्शकाखाली तड्यांची लांबी मोजतात. आणि एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब तडाच, माझ्या मते, अधिक विश्वासू साक्षीदार होय.

310 जातीच्या पोलादाचा निखळ ऑस्टेनाइटी, म्हणजे ऑस्टेनाइट या एकाच स्फटिकरूपाचा, जोड या कसोटीत बहुधा बदनाम ठरतो. 308 जातीच्या तारेने भरलेल्या जोडात मात्र थोडे फेराइट हे दुसरे स्फटिकरूप राहील अशी तजवीज असते, आणि ते गंधक-फॉस्फरसाला आपल्यात अधिक सामावून घेते. अर्थात तेही बेताचेच हवे, कारण त्याचा अतिरेक झाल्यास दीर्घकाळ उष्णतेत राहणारा जोड ठिसूळ होतो.