उघड्या दाराचे घर

श्रोतेहो, आपले मन मोकळे आहे असे प्रत्येकाला वाटत असते. आपल्याच भाषेचा, आपल्याच जातीचा माणूस दारी आला म्हणजे ‘या, बसा’ म्हणायला सायास पडत नाहीत. कसोटी लागते ती परका येऊन उभा राहतो तेव्हा. माझा शेजारी कोण, असे येशू ख्रिस्ताला एकाने विचारले, तेव्हा ख्रिस्ताने व्याख्या केली नाही, गोष्ट सांगितली. वाटेत घायाळ पडलेल्या माणसाला पाहून दोन धर्मनिष्ठ पुढे निघून गेले. थांबला तो शोमरोनी, ज्याच्याशी त्या काळचे यहुदी संबंध ठेवत नसत. शेजारी कोण हे जन्माने ठरत नाही, थांबण्याने ठरते, एवढेच त्या गोष्टीचे सार आहे.

बिदर आणि कलबुर्गी या सीमाभागात राहणाऱ्यांना हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. भालकी, औराद, आळंद या बाजूंना एकाच आळीत मराठी, कन्नड आणि उर्दू कानी पडते. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कल्याणनगरीत सर्व जातींच्या शरणांना एकत्र बसविले. कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यात हिंदू भाविकही माथा टेकवतात. बिदरच्या गुरुनानक झिऱ्याचे पाणी कोणाची जात विचारीत नाही. अशा भूमीत ख्रिस्ती माणसाने मोकळ्या मनाने जगायचे म्हणजे काय करायचे? याचे एक उत्तर या भूमीशी नाते जोडणाऱ्या एका मराठी बाईच्या चरित्रात मिळते. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात, मराठी ब्राह्मण कुटुंबात झाला. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात तीर्थयात्रेच्या वाटेवरच आईवडील अन्नावाचून गेले. पुढे विवाह झाला आणि दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच वैधव्य आले. कडेवर लहानगी मनोरमा होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दारोदार फिरलेल्या या बाईने आयुष्यभर एकच काम केले : ज्यांना दार नव्हते त्यांच्यासाठी दार उघडले.

१८८९ साली मुंबईत त्यांनी शारदासदन काढले. चालविणारी बाई ख्रिस्ती. परंतु तेथे येणाऱ्या हिंदू विधवांना आपले सोवळेओवळे आणि पूजाअर्चा पाळण्याची पूर्ण मुभा होती. आपल्या घरात दुसऱ्याला दुसरा राहू देणे, हे मोकळ्या मनाचे पहिले लक्षण होय. याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्या हिंदूच राहिल्या, आणि पुढे बाया कर्वे म्हणून महाराष्ट्राला वंदनीय झाल्या.

पण श्रोतेहो, येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, आणि दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. त्यावरून सदन पुण्यात असताना १८९३ साली मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. त्या मंडळींची भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. आश्रयाला आलेल्या निराधार मुलीवर आश्रय देणाऱ्याच्या श्रद्धेचा भार सहज पडतो. रमाबाईंचे म्हणणे असे होते, की मी कोणाला बोलावीत नाही. पण माझ्याच घरात मी माझा देव लपवून का ठेवावा?

दोन्ही बाजूंचे ऐकल्यावर एक गोष्ट मनात ठसते. मोकळे मन म्हणजे श्रद्धा गुंडाळून ठेवणे नव्हे, आणि उपकाराच्या मोबदल्यात श्रद्धा मागणे तर मुळीच नव्हे. दार आतून उघडे असावे तसेच बाहेर जाण्यासाठीही उघडे असावे. ज्याला यायचे त्याने यावे, जायचे त्याने निःशंक जावे. आणि गेलेल्याविषयी मनात कडवटपणा राहू नये. हे तिसरे सर्वांत कठीण.

या वादळानंतरही रमाबाईंनी दार लावले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी शेकडो अनाथ स्त्रिया आणि मुली आणल्या. केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथे कृपासदन झाले. अंध मुलींना मनोरमाबाईंनी बोटांनी वाचायला शिकविले. साध्या बायकांना कळावे म्हणून रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर अखेरपर्यंत करीत राहिल्या.

एवढा पसारा केडगावी असताना १९१२-१३ च्या सुमारास त्यांनी गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, मुलींसाठी शाळा काढली. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि स्त्रीशिक्षणात फार मागे होता. तेथे त्यांनी कोणाला पाठविले? आपल्या एकुलत्या एक कन्येला, मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या मनोरमाबाईंना. उरलेसुरले देणे याला दान म्हणतात. जे जिवाच्या जवळचे तेच देणे याला मोकळे मन म्हणतात. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या, आणि पुढल्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही.

पौलाने करिंथकरांना अंतःकरण रुंद करण्याची विनंती केली होती. ती विनंती आजही शिळी झालेली नाही. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. २०१४ साली गुलबर्ग्याचे नाव कलबुर्गी झाले. सीमा आणि नावे सरकार ठरविते. पण शेजाऱ्याच्या आणि आपल्या उंबरठ्यामधले अंतर आपणच ठरवितो. त्याची भाषा चार शब्द का होईना शिकावी, त्याच्या सणाला जावे, त्याच्या दुःखात न बोलावता जावे, आणि आपली श्रद्धा त्याला वागण्यातून दिसू द्यावी. एवढे साधले तरी आपल्या घराचे दार उघडे आहे असे म्हणता येईल.