विमानाचा हिशेब
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)

— सहाय्यक शिक्षक, बी.ए., बी.एड., दिग्रस



मी बी.ए. झालेला भूगोलाचा शिक्षक. मी विमानावर बोलणार हे ऐकून आमच्या विज्ञानाच्या सरांना हसू आले. पण हा विषय मी निवडलेला नाही. नववीतल्या एका विद्यार्थ्याने तो माझ्या गळ्यात घातला आहे.

जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात एक घोषणा झाली. फ्रान्सच्या दसॉ कंपनीचे ‘फाल्कन २०००’ हे जेट विमान आपल्या नागपूरच्या मिहानमध्ये जोडले जाणार. फाल्कनची संपूर्ण जोडणी फ्रान्सबाहेर होण्याची ही पहिलीच वेळ. नागपुरात तयार झालेले पहिले विमान २०२८ पर्यंत उडवण्याचा संकल्प त्या वेळी जाहीर झाला. मी ही बातमी वर्गात वाचून दाखवली. तेव्हा तो मुलगा उठून म्हणाला, “सर, ते विमान शेठ लोकांचं. दिग्रसच्या पोरांना त्याचं काय?”

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. आज ते आपल्या सर्वांसमोर देण्याचा प्रयत्न करतो. मात्र त्यासाठी आधी ते विमान समजून घ्यावे लागेल.

आठ-दहा माणसांना आपल्या वेळेनुसार, हव्या त्या गावी नेणाऱ्या लहान जेट विमानाला ‘बिझनेस जेट’ म्हणतात. त्यात हलकी, मध्यम आणि मोठी असे प्रकार आहेत. अमेरिकेतल्या बिल लिअर यांचे ‘लिअरजेट २३’ हे हलके जेट ७ ऑक्टोबर १९६३ रोजी प्रथम उडाले. त्याच्या पंखांचे मूळ स्वित्झर्लंडच्या एका लढाऊ विमानात होते. वेग ताशी आठशे किलोमीटरहून अधिक. पण ते चालवायला हात तयार लागे. पुढे १५ सप्टेंबर १९६९ रोजी सेस्ना कंपनीचे ‘सायटेशन’ उडाले. त्याचे पंख सरळ होते आणि वेग ताशी सुमारे साडेसहाशेच. लोकांनी त्याच्या मंदपणाची थट्टा केली. पण ते लहान धावपट्टीवर उतरे, चालवायला सोपे होते, आणि म्हणूनच खपले.

मित्रांनो, पहिला धडा येथेच आहे. विमानात काहीही फुकट मिळत नाही. वेग हवा असेल तर पंख मागे झुकलेले आणि आटोपशीर लागतात. पण असे पंख कमी वेगात पुरेसा आधार देत नाहीत, म्हणून धावपट्टी लांब लागते. लहान धावपट्टी हवी असेल तर वेगावर पाणी सोडावे लागते. आराखडा करणारा मनुष्य जमाखर्चाच्या वहीसारखा हा हिशेब मांडत बसतो.

नागपूरच्या फाल्कनचाच हिशेब मांडू. हे विमान हलक्या जेटपेक्षा मोठे आहे. भरलेल्या विमानाचे जास्तीत जास्त वजन सुमारे १९,४०० किलो आणि पंखांचे क्षेत्रफळ ४९ चौरस मीटर. आता भागाकार करा. प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ चारशे किलो, म्हणजे चार क्विंटल! आपण कापसाच्या गावचे लोक. अर्ध्या खाटेहून थोड्या मोठ्या जागेवर चार क्विंटल कापूस रचा आणि तो हवेने उचलून धरला आहे असे समजा. हे कसे होते? एस.टी.च्या खिडकीबाहेर हात काढू नये हे खरे; पण ज्यांनी काढला आहे त्यांना ठाऊक आहे की तळहात किंचित तिरपा केला की वारा त्याला वर ढकलतो. पंख हवेला खाली लोटतो आणि हवा पंखाला वर उचलते.

दोन इंजिने मिळून सुमारे ६,३५० किलोइतका रेटा देतात. म्हणजे वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच. सारे ओझे पंखच वाहतात. इंजिनांनी फक्त पुढे ढकलायचे असते.

ही इंजिने पंखाखाली न बसवता शेपटीजवळ, दोन बाजूंना बसवलेली असतात. कारण साधे आहे. लहान विमानाचा पंख जमिनीच्या फार जवळ असतो. त्याखाली इंजिनाला जागा उरत नाही आणि धावपट्टीवरचे खडे आत ओढले जाण्याची भीती असते. इंजिने मागे गेली की त्यांच्या गरम झोतापासून आडवी शेपटी वाचवायला ती उंच न्यावी लागते. एक वस्तू हलवली की दुसरी हलवावी लागते, ती अशी.

शेपटीवरून एक जुनी गोष्ट आठवते. नवव्या शतकात अंदलुसियातील कॉर्डोबा येथे अब्बास इब्न फिरनास यांनी पंख लावून उडण्याचा प्रयत्न केला, असे पुढे सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी यांनी नोंदवले आहे. ते काही अंतर उडाले, पण उतरताना पाठीला मार लागला. कारण पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. धाडस पुरेसे होते. हिशेबात एक रकम राहून गेली होती.

आता इंधन. फाल्कनमध्ये सुमारे साडेसात हजार किलो इंधन मावते, म्हणजे भरलेल्या वजनाच्या पाच भागांतील जवळजवळ दोन भाग. त्यावर ते सुमारे ७,४०० किलोमीटर जाऊ शकते. खुर्चीचे वजन एक किलोने वाढले तर तो किलो वाहायला इंधन वाढते, ते इंधन वाहायला आणखी इंधन लागते. म्हणून कारखान्यात ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवतात.

कागदावरचे आकडे आणि आपले ऊन यांचाही संबंध आहे. पूर्ण वजनाने उडायला या विमानाला सुमारे १,४२५ मीटर धावपट्टी लागते असे सांगतात. पण तो आकडा समुद्रसपाटीवरचा आणि १५ अंश तापमानाचा आहे. मे महिन्यात नागपूरला पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा केवळ उष्णतेने हवा सुमारे नऊ टक्के विरळ होते. पंखाला आधार कमी आणि इंजिनाला हवा कमी. मग धाव लांबते, किंवा इंधन अथवा माणसे कमी करावी लागतात. भूगोलाचा शिक्षक म्हणून हे सांगताना मला विशेष समाधान वाटते.

शेवटची गोष्ट उंचीची. हे विमान ४७,००० फुटांपर्यंत चढू शकते. तेथे हवा विरळ, म्हणून विरोध कमी. पण बाहेरचा दाब आपल्या येथील दाबाच्या सातव्या हिश्शाच्या आसपास असतो. माणसे जगावीत म्हणून आत दाब राखावा लागतो. त्यामुळे प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग किंचित फुगते आणि उतरल्यावर पूर्ववत होते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे तुम्ही सर्वांनी करून पाहिले आहे. १९५४ साली ब्रिटनची दोन ‘कॉमेट’ जेट विमाने हवेतच फुटली. समुद्रातून काढलेले अवशेष तपासले तेव्हा एका विमानाची भेग छतावरील खिडकीच्या कोपऱ्याजवळच्या एका छोट्या छिद्रापाशी सापडली.

एक छिद्र! पालकबंधूंनो, माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले.

अशा विमानात हजारो छिद्रे पाडून रिव्हेट बसवावे लागतात. त्यातली कितीतरी माणसाच्या हाताने होतात, आणि त्यांचे माप मिलिमीटरच्या शतांशात तपासले जाते. छिद्र चुकले तर ते लपवता येत नाही. कारागिराने स्वतः सांगायचे, त्याची नोंद करायची, दुरुस्ती अभियंता ठरवणार. विमान शेठचे असेल. पण त्याचा जीव त्या छिद्र पाडणाऱ्या हातावर असतो. तो हात दिग्रसचा का असू नये?

मिहानमधील कारखान्याचे भूमिपूजन ऑक्टोबर २०१७ मध्ये झाले आणि २०१९ पासून तेथे फाल्कनच्या नाकाकडचा भाग तयार होऊ लागला. या कामासाठी नागपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विमानाच्या सांगाड्याचा फिटर घडवणारा अभ्यासक्रमही सुरू झाला. तो दोन वर्षांचा आहे. त्यासाठी गणित-विज्ञान घेऊन दहावी उत्तीर्ण व्हावे लागते. जागा थोड्या असतात. प्रवेशाच्या वेळी माहितीपुस्तिका स्वतः पाहून खात्री करा. तेथे गेले की नोकरी ठेवलेलीच आहे, असे मी म्हणणार नाही. खोटी आशा दाखवणे हेही एक चुकलेले छिद्रच आहे.

काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी आठवीनंतर शाळा सोडून गेला. बंद पडलेली कोणतीही वस्तू तो उघडून दुरुस्त करी. मी घरी गेलो तेव्हा वडील म्हणाले, “सर, दुकानात बसला तर आजच दोन पैसे येतात. शाळेचे पैसे कधी येणार?” त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, घरात खाणारी तोंडे सात होती. पण तो अपुरा होता. त्यात दोन वर्षे पुढची रकम मांडलेली नव्हती. मीही त्यांना फक्त “शिक्षणाचे महत्त्व” सांगून परत आलो. शिष्यवृत्ती, वसतिगृह, दहावीनंतर कोठे जाता येते, यातले काहीच मला नीट माहीत नव्हते. ती चूक माझी होती आणि मी ती आज आपल्यासमोर नोंदवतो.

म्हणून विनंती एवढीच. मुलगा असो वा मुलगी, हाताला गुण असेल तर तो हात दहावीपर्यंत तरी गणित-विज्ञानातून काढून घेऊ नका. घरची अडचण असेल तर आम्हा शिक्षकांना सांगा. मार्ग शोधणे हे आमचेही काम आहे. आणि विद्यार्थी मित्रांनो, गणित चुकले तर खोडून शेजाऱ्याचे उतरवू नका. चुकले म्हणून सांगा, पुन्हा करा. भागाकार, क्षेत्रफळ, टक्केवारी, एवढ्यावरच आज आपण एक जेट विमान समजून घेतले. हे सारे तुमच्या पुस्तकात आहे.

नागपूर येथून दोनशेहून अधिक किलोमीटर. फाल्कनला ते अंतर पंधरा-सोळा मिनिटांचे. आपल्याला मात्र ते दहावीच्या वर्गातून पार करायचे आहे.